शेकाचं मशीन अन् रेडिओतली घरघर (माझा अनुभव)

जळगावला घरी माझा हॅमचा (हौशी रेडिओचा) सेट आहे, संध्याकाळी दहा मीटर बँडवर बसलं की 28 मेगाहर्ट्झच्या आसपास भर्रर्र घरघर यायची, अन् एका जागी थांबायची पण नाही, सरकत जायची. सरकते म्हटल्यावर डायथर्मीचाच (दवाखान्यातलं रेडिओ लहरींनी शेक देणारं मशीन) संशय आला. शॉर्टवेव्ह डायथर्मीला 27.12 मेगाहर्ट्झ ठरवून दिलंय, पण जुन्या व्हॉल्व्हवाल्या मशीनमध्ये फ्रिक्वेन्सी एका जागी धरून ठेवणारा क्रिस्टल नसतो, पेशंटने गुडघा हलवला तरी फ्रिक्वेन्सी हलते.

शॉर्टवेव्हचा बॅटरीवाला रेडिओ घेऊन फिरलो, मागच्या गल्लीत एका दवाखान्याच्या सर्व्हिस वायरखाली तर नुसता कल्ला. डॉक्टर भला माणूस, म्हणे "बघ ना भो, वडिलांच्या वेळचं मशीन आहे." प्लग उघडला तर अर्थिंगची वायर तुटून लोंबकळतेय! इलेक्ट्रिशियनने ती जोडली, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतलं (आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो ठणठणीत कोरडा पडतो), अन् मशीनला अगदी चिकटून लाइन फिल्टर (वायरीतून बाहेर जाणारी घरघर अडवणारा) लावला. वायरीतून येणारी घरघर गेली. पेशंटला लावायच्या पॅडमधून थेट हवेतून येते तिला फिल्टर काय करणार, म्हणून माझ्या डायपोलचं (सरळ तारेच्या अँटेनाचं) टोक दवाखान्याकडे फिरवलं, टोकाच्या दिशेला तो कमी ऐकतो. आता बारीक कुरकुर उरलीय, चालतंय. मशीनचं झाकण मात्र कोणी उघडू नका, आत हजारो व्होल्ट असतात.