जुन्या ट्रकचं मूळ शोधताना या चुका टाळा

भंगारवाल्याकडे किंवा साखर कारखान्याच्या मागच्या आवारात जुना ट्रक दिसला की लोक आधी फोटो टाकतात आणि मग विचारतात, "साल कुठलं?" फोटो बघून दोन मिनिटांत साल ठोकून देणारेही तयारच असतात. दोघांचाही आता वैताग येतो.

आरसी बुकातलं साल डोळे मिटून मानणं

खिशाला सगळ्यात मोठी चाट याच चुकीमुळे बसते. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या असंख्य गाड्या डिस्पोजलमधून, म्हणजे नको असलेल्या लष्करी मालाच्या विक्रीतून, व्यापाऱ्यांच्या हाती गेल्या. कागदावर बहुधा चढलं ते पहिल्या नागरी नोंदणीचं साल. 1942-43 ची गाडी कागदावर 1949 ची होते ती अशी.

एका हौशी तरुणाने अशीच "1949 ची शेवरोले" घेतली आणि महिन्याच्या आत अमेरिकेहून त्या मॉडेलची जाळी, मडगार्ड मागवून मोकळा झाला. काहीच बसेना, तेव्हा मला फोन. जाऊन गाडीखाली वाकलो, तर पुढच्या ॲक्सलवरही डिफरन्शियल! म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावली, तर 158 इंच. कॅनडात बनलेला लष्करी सी60एल होता तो. सी म्हणजे शेवरोले, 60 म्हणजे 60 हंड्रेडवेट, आपल्या हिशेबात तीन टन, आणि एल म्हणजे लांब चेसिस. मूळची बसक्या नाकाची केबिन कुणीतरी कधीच कापून टाकली होती, तिच्याबरोबर माहितीची पट्टीही गेली. मागवलेली जाळी अजून खोक्यातच आहे. पैसे भरण्याआधी गाडीखाली वाकायला काय हरकत होती?

मी आधी टेप लावतो, कागद नंतर मागतो.

केबिनवरून वय ठरवणं

आपल्याकडे बरेच ट्रक नुसते चेसिस आणि काउल (बॉनेट आणि केबिनमधला पत्रा) म्हणून विकले जात. केबिन आणि हौदा इथल्याच सुतार-मिस्त्रींचं काम, तेही गाडीच्या आयुष्यात दोन-तीनदा बदललेलं. त्यावरून गाडीचं नव्हे, फार तर मिस्त्रीचं साल कळेल.

बॉनेटवरच्या नावावरून भांडणं

डॉज, फार्गो, डिसोटो. तिन्ही क्रायस्लरची नावं. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून या तिन्ही नावांचे ट्रक बाहेर पडले, आणि बरेचदा फरक बिल्ल्यापुरताच. तरीही "आमची अस्सल फार्गो" म्हणत लोक हमरीतुमरीवर येतात. बिल्ला दोन स्क्रूंनी बदलता येतो, राव. तीच गोष्ट बॉनेटवरच्या मर्सिडीजच्या चांदणीची. चांदणी दिसली की गाडी जर्मनीहून आली असं नाही. 1954 पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज बनत होत्या आणि 1969 मध्ये करार संपेपर्यंत ती चांदणी होती.

इंजिन मूळचंच असणार हे गृहीत धरणं

पेट्रोल परवडेना म्हणून कित्येकांनी पर्किन्स पी6 डिझेल बसवलं. फोर्ड टीटीची (मॉडेल टीच्या ट्रकची) गोष्ट आणखी अवघड, कारण तिचा नंबर बहुधा इंजिनवरच असे. इंजिन बदललं की ओळखही गेली. आणि कुणी "1926 ची शेवरोले" म्हणून सहा सिलिंडरचं इंजिन दाखवलं तर हसून निघून या. शेवरोलेच्या ट्रकला सहा सिलिंडर 1929 च्या मॉडेलपासून आले.

शिवडीच्या नावावर काहीही खपवणं

शेवरोलेवाल्या जनरल मोटर्सची मुंबईत शिवडीला गाड्यांची जोडणी 1928 मध्ये सुरू झाली, 1954 मध्ये बंद पडली. "1957 ची, शिवडीत जोडलेली" असं सांगणाऱ्याला ही दोन सालं ऐकवा.

म्हाताऱ्या ड्रायव्हरला साल विचारणं

साल विचारलंत की उत्तर ठरलेलं: "लढाईतली गाडी आहे." त्याऐवजी माल कुठला भरत होता, कुठला घाट चढत होता, इंजिन कुठल्या मिस्त्रीने उतरवलं, हे विचारा. चहा पाजा, मध्ये तोंड घालू नका.

नंबरावर ग्राइंडर फिरवणं

हे बघितलं की तळपायाची आग मस्तकात जाते. शंभर रुपयांच्या घाईपायी एकमेव पुरावा घासून टाकतात. चेसिसवरचं ग्रीस रॉकेलने भिजवून रात्रभर सोडा, सकाळी चिंधीने पुसा, बॅटरीचा उजेड बाजूने तिरका पाडा. अक्षरं उठली की कागद ठेवून पेन्सिल घासा, आरटीओसाठी ट्रेसिंग काढतात तशी. आठ आहे की तीन, असा संशय आला तर दोन्ही लिहून ठेवा आणि तीच ट्रेसिंग दुसऱ्या कुणाकडून पुन्हा काढून घ्या.