ब्रेस्ट एमआरआय किंवा पेट स्कॅन सांगितलाय? जायच्या आधी हे वाचा

मावशीला डाव्या बाजूला गाठ निघाली तेव्हा मॅमो (मॅमोग्राफी, स्तनाचा एक्स-रे), सोनोग्राफी, बायोप्सी असं सगळं पंधरा दिवसांत उरकलं आणि मग सर्जन म्हणाले एमआरआय करून घ्या, तर आम्ही काय केलं, जिथे लवकरात लवकर नंबर लागतोय ते सेंटर पकडलं. गाऊन घालून झाला, हाताला सुई लावून झाली आणि टेक्निशियन म्हणतो, "मावशी, उताणं झोपा." मी आदल्या रात्रीच वाचलेलं की यात पालथं झोपवतात, म्हणून विचारलं, तर दोनदा आत-बाहेर करून शेवटी सांगितलं की आमच्याकडे ब्रेस्ट कॉइल नाहीये. आल्या पावली परत.

म्हणून फोनवर रेट विचारायच्या आधी हे विचारा: तुमच्याकडे ब्रेस्ट कॉइल आहे का? कॉइल म्हणजे दोन खळगे असलेला एक पाटासारखा प्रकार, त्यावर पालथं झोपायचं आणि दोन्ही स्तन त्या खळग्यांत मोकळे सोडायचे. उताणं झोपून केलेला नेहमीचा छातीचा एमआरआय या कामाला उपयोगाचा नाही.

त्याच्याही आधी डॉक्टरांना एक गोष्ट विचारून घ्या, यातून तुम्हाला नेमकं काय बघायचंय? आपल्याकडे पेशंट विचारायला बिचकतात, पण उत्तरावर बरंच अवलंबून असतं. एमआरआय बहुतेक वेळा गाठ आहे त्यापेक्षा पसरलीये का, दुसऱ्या बाजूला काही आहे का हे बघायला असतो, किंवा आधी केमो आणि नंतर ऑपरेशन असा प्लॅन असेल तर केमोने गाठ किती आटली ते मोजायला. स्तन दाट असतील, म्हणजे मॅमोच्या रिपोर्टमध्ये डेन्सिटी सी किंवा डी लिहिलं असेल, तर मॅमोवर सगळंच पांढरं दिसतं आणि गाठही पांढरीच, त्यात ती लपते, तिथे एमआरआय कामाला येतो. पेट स्कॅनचा प्रश्न वेगळा, तो बाकी शरीरात, हाडांत, लिव्हरमध्ये कुठे गेलंय का ते बघतो. गाठ लहान, काखेत काही नाही, इतर त्रास नाही, अशा वेळी सहसा पेट लागत नाही, त्यामुळे शेजारच्या काकूंनी केला म्हणून आपणही करून टाकू असलं करू नका, तो स्वस्तही नाही.

आता तारीख. पाळी चालू असेल आणि तपासणी नुसती स्क्रीनिंगची, म्हणजे काही त्रास नसताना खबरदारी म्हणून असेल तर पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून 7 ते 14 दिवसांत घ्या, कारण नंतरच्या दिवसांत हार्मोनमुळे नॉर्मल भागही डाय (एमआरआयमध्ये शिरेतून देतात ते औषध) ओढतो आणि उगाच संशयाचे ठिपके दिसतात. पण कॅन्सर बायोप्सीत निघालेलाच असेल तर डॉक्टर म्हणतील त्या दिवशी करा, पाळीसाठी थांबत बसू नका. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट जवळ ठेवा, बऱ्याच ठिकाणी किडनी बघितल्याशिवाय डाय देत नाहीत. पेसमेकर, डोक्याच्या ऑपरेशनमध्ये बसवलेली जुनी क्लिप, कानातलं इम्प्लांट, काहीही असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, आणि प्रेग्नन्सीची शक्यता असेल तर तेही.

दागिने घरीच ठेवून जा. मंगळसूत्र निघतं हो, पण जोडवी? मावशीची तीस वर्षांची जोडवी, बोट सुजलेलं, सेंटरच्या बेसिनवर साबण लावून पंधरा मिनिटं झटापट चालली होती. आदल्या रात्रीच काढा. चमकी, केसातल्या पिना, ब्लाऊजला लावलेली सेफ्टी पिन, ही शेवटची हमखास विसरते. (मॅमोला जाताना उलट पावडर आणि डिओ टाळायचं, काखेतले त्याचे कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात.)

आत साधारण अर्धा-पाऊण तास जातो. आवाज म्हणजे ड्रिल मशीन आणि ढोल एकदम, कानात बोळे देतात, हातात एक रबरी फुगा देतात, घाबरल्यासारखं झालं की दाबायचा. आधी डाय न देता फोटो, मग गॅडोलिनियमचा डाय, हाताला गार लागतं, आणि मग तेच फोटो परत परत. मशीन डायनंतरच्या फोटोतून आधीचा फोटो वजा करतं, उरतं ते डाय ओढणारं. कॅन्सरची गाठ बहुधा डाय पटकन ओढते आणि लवकर सोडूनही देते, ही चाल बघायची असते. त्यामुळे मध्ये थोडंसंही हललात तर वजाबाकी बिघडते. म्हणून मान, खांदे, कपाळाखालची उशी हे सुरुवातीलाच नीट करून मागा, लाजू नका. बंद जागेची भीती असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, गोळी देतात.

पेटची तयारी वेगळी. 4 ते 6 तास उपाशी, पाणी चालतं, आदल्या दिवशी व्यायाम किंवा जड काम नको. इंजेक्शनमध्ये साखरेसारखं, थोडं किरणोत्सारी औषध असतं, त्यामुळे रक्तातली साखर 200 च्या खाली लागते, डायबेटिसच्या गोळ्या-इन्सुलिनचं सेंटरला विचारूनच करा, स्वतःच्या मनाने बंद नको. इंजेक्शन गाठीच्या विरुद्ध हाताला घ्यायला सांगा, त्याच बाजूला घेतलं आणि थोडं लीक झालं तर काखेतली गाठ खोटीच चमकू शकते. नंतर तासभर गप्प पडून राहायचं, मोबाईलवर गप्पासुद्धा नाही. घरी आल्यावर त्या दिवशी लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहा, भरपूर पाणी प्या. औषधाची ताकद दर 110 मिनिटांनी निम्मी होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी नातवाला खुशाल मांडीवर घ्या.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये बायरॅड्स (स्तनाच्या तपासणीत कॅन्सरचा संशय किती ते सांगणारा आकडा) 6 दिसलं तेव्हा मावशीने डोळेच मिटले. "सहावी स्टेज का गं?" अगं नाही! ती स्टेज नव्हेच. 6 म्हणजे कॅन्सर बायोप्सीत आधीच सिद्ध झालेला आहे, एवढंच. 3 म्हणजे कॅन्सरची शक्यता 2 टक्के किंवा कमी, 5 म्हणजे 95 टक्के किंवा जास्त, आणि 4 हा मधला सगळा लांबलचक पट्टा, त्यात ए, बी, सी असं लिहिलेलं असेल तर ते बघा. आणि एमआरआयने नवीन ठिपका दाखवला तर लगेच पूर्ण स्तन काढायचं ठरवू नका, एमआरआय खोटी घंटाही वाजवतो. त्या जागी परत सोनोग्राफी, लागली तर बायोप्सी, मग निर्णय.

केमो आधी होणार असेल तर पहिल्या डोसच्या आधी विचारा, गाठीत क्लिप, म्हणजे खुणेसाठीचा धातूचा बारीक तुकडा, टाकणार का? केमोने गाठ पूर्ण विरघळली तर सर्जनला ती जागा सापडायला तेवढीच खूण उरते.

आणि सीडी मागून घ्या. नुसती फिल्म आणि दोन पानी रिपोर्ट पिशवीत घालून निघू नका, कारण मोठ्या हॉस्पिटलात सेकंड ओपिनियनला गेलात की तिथले रेडिओलॉजिस्ट सगळे फोटो स्वतः बघायला मागतात. काउंटरवरच सीडी कॉम्प्युटरला लावून दाखवायला सांगा. आमची पहिली सीडी कोरी निघाली होती.