व्हीलचेअर बास्केटबॉलचा संघ बांधताना

आधी गुणांचं गणित समजून घ्या. प्रत्येक खेळाडूला हालचालीच्या क्षमतेनुसार 1.0 ते 4.5 गुण दिले जातात आणि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मैदानावरच्या पाच जणांची बेरीज 14 च्या वर जाता कामा नये. नवे संघ नेमके इथेच फसतात: धडावर चांगला ताबा असलेलेच खेळाडू गोळा करतात आणि मग पाच जण एकत्र उतरवता येत नाहीत. म्हणून 1.0 आणि 1.5 गुणांचे दोघे-तिघे आधी शोधा. तुम्ही स्वतः कमी गुणांचे असाल, तर तीच तुमची जमेची बाजू! खुर्चीने वाट अडवायला शिका, संघात जागा लवकर मिळेल.

रोजच्या वापराची खुर्ची इथे चालत नाही. खेळाच्या खुर्चीची चाकं खालच्या बाजूला फाकलेली असतात. त्यामुळे ती चटकन वळते आणि सहसा कलंडत नाही. आसनाची उंची गादीसह मोजा: 3.0 गुणांपर्यंत कमाल 63 सेंटिमीटर, 3.5 पासून 58. देणगीत आलेली रुंद खुर्ची मापं न घेता स्वीकारली, की कंबर सरकते आणि ढकलण्याचा जोर वाया जातो. सरावानंतर त्वचा तपासा. संवेदना नसलेल्या जागी घासलेलं कळत नाही.