पेडल स्टीलवर रॉक कव्हर कसं बसवायचं

पेडल स्टील (आडवी ठेवून तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची गिटार, जिच्या तारांचा सूर पायाच्या पेडलने आणि गुडघ्याच्या लिव्हरने बदलतो) म्हटलं की लोकांच्या कानात आपोआप कंट्री वाजायला लागतं, आणि रॉक बँडमध्ये कोणी हे वाद्य आणलं की बाकीच्यांना वाटतं आता गाणं रडकं होणार. माझं ठाम मत आहे की तो रडकेपणा वाद्यात नाहीये, तो पेडल कधी दाबलं त्यात आहे. तार छेडली, ती वाजत असतानाच पेडल दाबलं, सूर डोळ्यादेखत वर चढला की झालं कंट्री. तेच पेडल छेडायच्या आधी दाबून ठेवा, मग नुसती कॉर्ड ऐकू येते आणि ती कुठल्याही गाण्यात बसते. लेड झेपलिनच्या १९६९ च्या पहिल्याच अल्बमवर जिमी पेजने पेडल स्टील वाजवलंय, १९७३ मध्ये पिंक फ्लॉइडसाठी डेव्हिड गिलमोरने वाजवलंय, आणि रॉबर्ट रँडॉल्फ तर सेक्रेड स्टील, म्हणजे चर्चमध्ये भक्तिगीतांसाठी स्टील गिटार वाजवण्याच्या परंपरेतून येऊन त्यावर सरळ जोरदार रॉक वाजवतो, त्यामुळे "हे जमतं का" हा प्रश्न कधीच निकालात निघालाय.

आधी गाणं निवडा. पहिल्यांदा मध्यम किंवा संथ लयीचं घ्या, ज्यात ऑर्गन, स्ट्रिंग्ज किंवा लांबलचक गिटार सोलो आहे. मूळ गाणं ऐकताना एकच ठरवायचं, की स्टील कोणाची जागा घेणार. सगळ्यांची घ्यायला गेलात तर गर्दी होते.

मग कॉर्ड शोधा. मी इथे नेहमीचं दहा तारांचं ई नाइन ट्युनिंग धरलंय. पेडलचा क्रम इमन्स आणि डे या दोन पद्धतींमध्ये उलटा असतो, त्यामुळे आपलं ए पेडल (बी तारा एक पूर्ण सूर चढवणारं) कुठलं ते आधी बघून घ्या. जी मेजर तुम्हाला तीन ठिकाणी मिळते: तिसऱ्या फ्रेटवर काहीही न दाबता, सहाव्यावर ए पेडल आणि ई तारा (चौथी आणि आठवी) अर्धा सूर चढवणारा गुडघ्याचा लिव्हर एकत्र, आणि दहाव्यावर ए आणि बी (तिसरी आणि सहावी तार अर्धा सूर चढवणारं) पेडल मिळून. प्रत्येक कॉर्डच्या अशा तीन जागा कागदावर लिहा आणि पुढच्या कॉर्डला जवळची जागा पकडा. छेडण्याआधी पेडल दाबलेलं हवं हे इथूनच अंगवळणी पाडा. सूर सरकवायचाच असेल तर बारने सरकवा, मींड घेतल्यासारखा, स्लाइड गिटार ऐकलेल्या माणसाला तो लगेच रॉक वाटतो.

आता सोलो, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच. समजा गाणं ई मायनरमध्ये आहे. बार तिसऱ्या फ्रेटवर ठेवा आणि हलवूच नका. दहावी तार डी, आठवी जी, सातवी ए, सहावी बी, पाचवी परत डी, चौथी जी, तिसरी बी, पहिली ए. आता ए पेडल दाबलं की पाचवी आणि दहावी तार डी वरून ई ला चढते, म्हणजे अख्खी ई मायनर पेंटाटॉनिक (ई, जी, ए, बी, डी अशी पाच सुरांची स्केल) एकाच फ्रेटवर हाताखाली आली. नववी तार मात्र टाळा, तिथे एफ लागतो. आणि तो डी वरून ई चा चढ म्हणजे रॉक गिटारवाले बोटाने तार ओढून घेतात तोच बेंड, इथे मात्र पेडल वाजत्या तारेवर बिनधास्त दाबा, कारण एकच तार वाजत असली तर तो कंट्री वाटत नाही. वर बारचं रुंद व्हायब्रेटो द्या. दुसऱ्या स्केलसाठी बार तेवढा सरकवायचा, बाकी सगळं तेच.

रिफसाठी आठवी आणि पाचवी तार एकत्र वाजवा, तो सा आणि प, म्हणजे पॉवर कॉर्ड झाला. त्यातच ए पेडल तालात दाबत-सोडत गेलात की पाचवा सूर सहाव्यावर जाऊन येतो आणि जुन्या रॉक अँड रोलचा तो शफल आपोआप तयार होतो. एक मर्यादा लक्षात ठेवा, ई नाइनची सगळ्यात खालची तार बी आहे, गिटारची खालची ई त्याच्याही खाली असते, त्यामुळे खर्जातले रिफ एक सप्तक वर घ्या आणि खालचं काम बेसला सोडा. दोन नेकचं वाद्य असेल तर सी सिक्स या दुसऱ्या ट्युनिंगच्या नेकवर खालचा सी मिळतो, तिथे गिटारपेक्षाही खाली जाता येतं.

डिस्टॉर्शन (आवाज करकरीत करणारा परिणाम, ओव्हरड्राइव्ह हा त्याचाच सौम्य प्रकार) लावलंत की एका वेळी दोनच तारा छेडा. तीन-चार सूर एकत्र आले, त्यात गंधार असला, की सगळा चिखल होतो. गंधार देणारी तिसरी आणि सहावी तार कानाने किंचित उतरवून लावली तर डिस्टॉर्शनमध्येही कॉर्ड स्वच्छ लागते, पण कीबोर्ड सोबत असेल तर फार उतरवू नका, दोघं भांडतील. वाजवून झालेली तार तळव्याने लगेच बंद करा, आणि डाव्या हाताची मागची बोटं बारच्या मागे तारांवर टेकलेली राहू द्या, नाहीतर गेन वाढवल्यावर नको त्या तारा किंचाळतात.

व्हॉल्युम पेडलची जागा कानाने ठरवा. ओव्हरड्राइव्हच्या आधी ठेवलं तर पाय उचलल्यावर आवाज कमी होतो आणि करकरही कमी होते, नंतर ठेवलं तर करकर तशीच राहून फक्त आवाज खालीवर होतो. सोलोसाठी मला आधीच आवडतं, सूर हळूहळू पेटत जातो. ऑर्गनची जागा घेत असाल तर पेडल बंद ठेवून तार छेडा आणि मग उघडा, छेडल्याचा टणका जातो, पुढे थोडा डिले आणि रिव्हर्ब लावला की कुठलं वाद्य वाजतंय हेच कळत नाही.

बँडसोबत पहिल्यांदा बसाल तेव्हा गायक गातोय तोवर कॉर्ड धरून ठेवा किंवा गप्प बसा, आणि ओळ संपली की त्या रिकाम्या जागेत शिरा. गिटारवाल्याशी आधीच बोलून घ्या की कुठल्या कडव्यानंतर कोण पुढे येणार, कारण दोघांचेही सूर एकाच पट्ट्यात लांबवर रेंगाळतात आणि दोघं एकदम वाजले तर दोघंही ऐकू येत नाहीत.