कीबोर्ड निवडण्यापासून दोन्ही हात जुळेपर्यंत

उजवा हात छान चालतो. डावाही एकटा असला की चालतो. दोन्ही एकदम लावले की मात्र दुसऱ्याच मात्रेला सगळं कोसळतं. पियानो शिकायला घेतलेली माणसं मी सोडून देताना पाहिली आहेत ती बहुतेक याच टप्प्यावर. आणि सल्ले बघावेत तर या टप्प्याला एक ओळ मिळते, ‘हळूहळू सराव करा’, आणि कीबोर्डात किती आवाज आहेत याला पानंच्या पानं. म्हणून इथे कीबोर्डाचं लवकर आटपते आणि हातांकडे वळते.

१. कीबोर्ड निवडा

पट्टी हळू दाबली तर आवाज बारीक आणि जोरात दाबली तर मोठा येत नसेल, तर तो कीबोर्ड घेऊ नका. याला टच सेन्सिटिव्हिटी म्हणतात, आणि इथे तडजोड करायची नाही. १७०० च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने पियानो घडवला तोच यासाठी. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार खुडली जायची. बोट कसंही टाका, आवाज जवळपास तेवढाच. तारेवर हातोडी पडू लागली तेव्हा बोटाचा जोर आवाजात उतरला. ‘पियानो’ म्हणजे इटालियनमध्ये ‘हळू’. मूळ लांबलचक नावात त्याच्या जोडीला ‘फोर्टे’, म्हणजे ‘जोरात’, होतं. ज्या कीबोर्डावर हळू-जोरात हा फरकच नाही, त्यावर बोटं पियानो शिकत नाहीत.

पूर्ण पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. सुरुवातीला ६१ पुरतात. त्यात पाच सप्तकं बसतात. पण पट्टीची रुंदी पूर्ण हवी, पांढरी पट्टी साधारण साडेतेवीस मिलिमीटर. छोट्या पट्ट्यांचा कीबोर्ड लहान मुलांसाठीही घेऊ नका. बोटांना अंतराची सवय लागते आणि पुढे ती सगळी मोडून पुन्हा लावावी लागते.

ऐपत आणि जागा असेल तर वजनदार पट्ट्यांचा, म्हणजे हॅमर अ‍ॅक्शनचा, डिजिटल पियानो घ्या. खऱ्या पियानोची पट्टी खाली जायला साधारण ५० ग्रॅमचा भार लागतो. स्प्रिंगच्या पट्ट्या त्यापेक्षा पुष्कळ हलक्या असतात, आणि नुसत्या त्यांच्यावर शिकलेल्याची बोटं खऱ्या पियानोवर अर्ध्यातच दमतात. सहाशे आवाज आणि दोनशे रिदम असलेला कीबोर्ड की दहाच आवाजांचा पण वजनदार पट्ट्यांचा, असा प्रश्न पडला तर दुसरा घ्या. ते सहाशे आवाज आठवडाभरात ऐकून संपतात.

मागच्या बाजूला सस्टेन पेडलची (पायाने दाबून ठेवलं की बोट उचललं तरी स्वर वाजत राहतो, ते) आणि हेडफोनची जागा आहे ना, ते बघून घ्या. पॉलिफोनी, म्हणजे एकाच वेळी किती स्वर वाजू शकतात तो आकडा, ६४ किंवा जास्त असावी. ३२ असेल तर पेडल धरून वाजवताना आधीचे स्वर मध्येच तुटतात.

२. बसा

पट्ट्यांवर बोटं ठेवल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा किंचित वर. पलंगावर कीबोर्ड ठेवून वाजवू नका, एकदाही नाही.

३. पट्ट्या आणि बोटं ओळखा

दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे सी. तिथून उजवीकडे पांढऱ्या पट्ट्या क्रमाने डी, ई, एफ, जी, ए, बी, आणि मग पुन्हा सी. पट्ट्यांवर अक्षरांचे स्टिकर लावू नका. डोळे स्टिकर वाचतात आणि हात काहीच शिकत नाही. दोन्ही हातांचे अंगठे १, करंगळ्या ५. सी मेजर स्केल, म्हणजे सीपासून पुढच्या सीपर्यंतच्या पांढऱ्या पट्ट्या ओळीने, उजव्या हाताने १-२-३ आणि मग अंगठा खालून घालून १-२-३-४-५. आठवडाभरात बसतं.

४. दोन्ही हात जुळवा

इथे मी कित्येक महिने अडकले होते. उजव्या हाताचं पाठ, डाव्याचं पाठ, आणि एकत्र केलं की डावा हात उजव्याची नक्कल करायला लागायचा. नेमकं काय बिघडतंय ते मला फार उशिरा दिसलं. उजव्या हाताने एक स्वर दोन मात्रा धरून ठेवायचा होता, पण डाव्या हाताने पुढची पट्टी घ्यायला बोट उचललं की उजव्याचंही बोट वर यायचं. चुकीची पट्टी दाबली जात नव्हती, धरलेली पट्टी सुटत होती. ‘दोन्ही हात वेगवेगळे पक्के करा, मग आपोआप जुळतील’ हा सल्ला मला मिळाला होता आणि तो साफ चुकीचा आहे. एका हाताने वाजवताना दुसऱ्याच्या हालचालीतही बोट धरून ठेवायची सवय कधी लागतच नाही. दोन हातांची एकत्र हालचाल ही तिसरीच गोष्ट आहे, आणि ती तशीच वेगळी शिकावी लागते.

एक बार घ्या, चार मात्रांचा. पूर्ण गाणं नाही, ओळसुद्धा नाही. डावा हात: सी, जी, ई, जी, म्हणजे बोटं ५-१-३-१, दर मात्रेला एक. उजवा हात एक सप्तक वर, अंगठा सीवर: पहिल्या मात्रेला ई (बोट ३), तिसऱ्या मात्रेला जी (बोट ५), दोन्ही दोन-दोन मात्रा धरून.

आता कीबोर्ड बंद ठेवा. हात मांडीवर ठेवा आणि मोठ्याने म्हणा: ‘दोन्ही, डावा, दोन्ही, डावा.’ म्हणता म्हणता तसेच हात टाका. ‘डावा’ म्हणताना उजवा हात मांडीवर दाबलेलाच राहिला पाहिजे. तो उचलला जाईल. थांबा, पुन्हा करा. तोंडाने म्हणणं सोडू नका. मनातल्या मनात मोजलं की मोजणी बोटांच्या मागून फरफटत जाते.

मांडीवर जमलं की पट्ट्यांवर या, पण लय न धरता. पहिलं ‘दोन्ही’ वाजवा आणि थांबा. पुढे काय ते ठरवा: कोणतं बोट जाणार, कोणतं जागेवर राहणार. ठरलं की मगच वाजवा, पुन्हा थांबा. मध्ये पाच सेकंद गेले तरी चालतील. चूक करून सुधारण्यापेक्षा थांबून बरोबर वाजवलेलं बोटांत राहतं. चुकलेलंही तितक्याच इमानाने राहतं, म्हणून हे थांबणं कंटाळवाणं वाटलं तरी गाळू नका. थांबे आपोआप लहान होत जातात, आणि ते पुरते गेले की मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टकटक करणारं यंत्र किंवा अ‍ॅप, मिनिटाला ५० ठोक्यांवर लावा.

सलग पाच वेळा बिनचूक झालं तर ४ ने वाढवा. चुकलं तर परत मागे. मी एकेकाळी रोज शेवटी एकदा ‘खऱ्या वेगात’ वाजवून बघायचे, आणि तासाभराचं काम त्या एका फेरीत विस्कटायचं. ते करू नका.

दुसरा बार असाच वेगळा बसवा. मग पहिल्याची शेवटची मात्रा आणि दुसऱ्याची पहिली, एवढाच जोड घोटा. अडखळायला होतं ते बहुधा बारच्या मध्ये नाही, या सांध्यावर. आणि डावा हात हळू ठेवा. उजवा गातोय, डावा त्याला साथ देतोय असं ऐकू यायला हवं. सुरुवातीला दोन्ही सारखेच आपटतात. मग उजवा नेहमीसारखा वाजवा आणि डावा पट्टीला नुसता स्पर्श करून, आवाज नाही आला तरी चालेल. दोन-तीन दिवसांत डावा बारीक वाजू लागतो.

रोज वीस मिनिटं पुरतात. रविवारचे तीन तास याची भरपाई करत नाहीत. आणि एका बोटाने कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार स्वर) वाजवणारी ऑटो साथ या काळात बंदच ठेवा, ती नेमकं डाव्या हाताचंच काम काढून घेते.

५. पेडल

हात जुळल्याशिवाय पाय लावू नका. पेडल चुका झाकतं. नंतर सवय एवढीच: कॉर्ड बदलली की नव्या कॉर्डबरोबर पाय वर आणि लगेच पुन्हा खाली. कॉर्डच्या आधी पाय उचलला तर मध्ये पोकळी ऐकू येते. जुनी कॉर्ड नवीत मिसळून गढूळ वाटली, तर पाय उशिरा उठतोय.