रेकॉर्ड प्लेअर जोडताना या चुका टाळा

गिरगावातल्या मामाने नवा फोनो प्रीअँप, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा क्षीण सिग्नल अँप्लिफायरला पुरेल इतका वाढवणारा डबा, आणला आणि त्याच संध्याकाळी मला फोन केला. "अरे, डिफेक्टिव्ह निघाला. तबला नुसता घुमतोय आणि गाणारी बाई मडक्यात बसल्यासारखी वाटतेय." जाऊन बघितलं तर प्रीअँप ठणठणीत. प्लेअरच्या पोटात मात्र आधीच एक प्रीअँप होता आणि मागचं बारीकसं बटण 'लाइन'वर होतं, म्हणजे आतलाही चालूच. काडेपेटीतल्या काडीने ते 'फोनो'वर सरकवलं आणि बाई मडक्यातून बाहेर आल्या.

यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे अर्धे बिघाड कानानेच ओळखता येतील. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि वरचे स्वर वाढवतात. खर्ज जसाच्या तसा कोरला तर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर फारसं काही मावणार नाही. हे प्रमाण १९५४ पासून आरआयएए (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) नावाने ठरलेलं आहे. प्रीअँप त्याच्या बरोबर उलट करतो आणि आवाजही वाढवतो. हे दोनदा झालं की सगळं घुमतं आणि फाटतं. एकदाही झालं नाही, म्हणजे प्लेअर थेट अँप्लिफायरच्या ऑक्स या साध्या इनपुटमध्ये खुपसला, तर व्हॉल्यूम पूर्ण फिरवूनही डासाच्या गुणगुणीसारखा आवाज येतो. कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला छोटा ठोकळा. साध्या एमएम (हलत्या चुंबकाच्या) कार्ट्रिजमधून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात, एमसी (हलत्या कॉइलच्या) कार्ट्रिजमधून बहुधा त्याच्या दहाव्या हिश्शाएवढेच. म्हणून प्रीअँपवरचं एमएम-एमसी बटणही बघा.

सतत 'घूंऽऽ' येत असेल तर प्लेअरची बारीक ग्राउंड वायर शोधा. पुष्कळदा ती मागे लोंबकळत असते, ती प्रीअँपच्या 'जीएनडी' (ग्राउंड) लिहिलेल्या स्क्रूखाली घट्ट आवळा. टोनआर्मच्या, म्हणजे सुईच्या दांड्याच्या, धातूला बोट लावल्यावर घूं कमी-जास्त झाली तर संशय तिथेच घ्यायचा. प्रीअँपचा अॅडॉप्टर सिग्नलच्या वायरींपासून लांब ठेवा. घूं जावी म्हणून कुणी तीनपिनी प्लगची अर्थिंगची पिन काढायला सांगेल, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

एकच बाजू वाजते? व्हॉल्यूम शून्यावर आणून अँप्लिफायरमागच्या लाल-पांढऱ्या पिना अदलाबदल करा. मुकी बाजू बदलली तर दोष अँप्लिफायरच्या अलीकडे, प्लेअरच्या बाजूला आहे, नाही बदलली तर अँप्लिफायरमध्ये किंवा स्पीकरकडे. अलीकडे असेल तर कार्ट्रिजच्या मागच्या चार चिमुकल्या क्लिपा आधी तपासा.

आता सुईचं वजन. सुई उडते म्हणून हेडशेलवर (दांड्याच्या टोकाला, जिथे कार्ट्रिज बसतं) चार आण्याचं नाणं ठेवायची आपल्याकडे जुनी खोड आहे. मामाच्या प्लेअरवरही होतंच! पण उलटी चूकही तेवढीच वाईट. हलकी सुई रेकॉर्ड वाचवते हा गैरसमज आहे, ती खाचेत थयथयाट करते आणि भिंती खरवडते. कार्ट्रिजला जेवढं सांगितलंय तेवढंच द्या. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई कार्ट्रिजला २ ग्रॅम, एटी३६००एल ला त्याहून जास्त. चाळीतल्या तक्तपोशीवर कुणी चाललं की सुई उडत असेल, तर वजन वाढवू नका, भिंतीला फळी ठोका. आणि स्पीकर प्लेअरच्याच शोकेसवर नकोत.

अमेरिकेहून कुणी जुना प्लेअर आणला असेल तर आणखी एक भानगड. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर ११० व्होल्ट देतो, पण आपली ५० हर्ट्झ वीज ६० करत नाही. सिंक्रोनस मोटर (जिचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो ती) असेल तर मिनिटाला ३३⅓ ऐवजी साधारण २७.८ फेरे पडतात आणि गवई झोपेत गातो. ५० हर्ट्झची पुली बसवावी लागते. डीसी मोटरवाल्यांना ही चिंता नाही.

चोरबाजारातून ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या) रेकॉर्ड आणल्यात? एलपीची बारीक सुई त्यांच्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. त्यांना सुमारे तिप्पट जाड टोकाची सुई लागते. आणि त्या स्पिरिटने पुसू नका, त्यांच्यातली लाख त्यात विरघळते.