एक्स्प्रेशन पार्सर लिहिताय? या चुका टाळा

पुण्यातल्या मुलांचे कंपायलरचे प्रोजेक्ट तपासताना दर वर्षी तोच कोड समोर येतो. २+३*४ चं उत्तर १४ आलं की मंडळी सबमिशनला मोकळी. एवढ्यावर पार्सर, म्हणजे लिहिलेलं गणित वाचून त्याची रचना ओळखणारा कोड, बरोबर ठरत नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा वजाबाकीत होतो. पुस्तकातला नियम असा: एक्स्प्रेशन म्हणजे एक्स्प्रेशन, वजा, टर्म (टर्म म्हणजे एक आकडा किंवा गुणाकार-भागाकाराचा तुकडा). यॅक हे पार्सर तयार करून देणारं टूल खालून वर बांधत जातं, म्हणून तिथे हा नियम चालतो. रिकर्सिव्ह डिसेंटमध्ये, म्हणजे प्रत्येक नियमाचं एक फंक्शन हाताने लिहिताना, तो जसाच्या तसा उतरवला की फंक्शन एकही टोकन (आकडा किंवा चिन्ह) न वाचता स्वतःलाच बोलावत राहतं आणि स्टॅक भरतो. मग कुणीतरी सुचवतं, नियम उलटा कर: टर्म, वजा, एक्स्प्रेशन. एरर जाते, पण १०-४-३ चं उत्तर ३ ऐवजी ९ येऊ लागतं.

मार्केट यार्डातल्या एका गाळ्यासाठी एका विद्यार्थ्याने पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशोबाचं, सॉफ्टवेअर केलं होतं. सूत्र साधं: विक्री वजा हमाली वजा तोलाई. ५०००-२००-६०, म्हणजे शेतकऱ्याच्या हाती ४७४०. पट्टीवर छापून आले ४८६०. मुलगा राउंडिंग आणि डेटाबेस धुंडाळत बसला. मी त्याला चार पट्ट्या शेजारी शेजारी ठेवायला लावल्या. प्रत्येकीत फरक तोलाईच्या बरोब्बर दुप्पट! पार्सर ५०००-(२००-६०) करत होता, तोलाई वजा होण्याऐवजी मिळवली जात होती. ज्या पट्ट्यांवर नुसती हमाली होती त्या बिनचूक होत्या, त्यामुळे कुणाला शंकाच आली नव्हती.

उपाय असा: एक टर्म वाचून ठेवा, पुढे अधिक किंवा वजा दिसतंय तोवर लूप फिरवा आणि पुढची टर्म हाती असलेल्या उत्तरातच मिळवा किंवा वजा करा. गुणाकार-भागाकारालाही हेच. मी कोडला हात लावण्याआधी दोन टेस्ट लिहितो: १०-४-३ म्हणजे ३, १००/१०/५ म्हणजे २. घातांकाचं मात्र उलट. २^३^२ म्हणजे ५१२, तिथे उजवीकडचं रिकर्शनच हवं.

टोकनायझरमध्ये, म्हणजे इनपुटची टोकन पाडणाऱ्या भागात, -३ हा एक आकडा धरू नका. ५-३ चे ५ आणि -३ असे दोन आकडे होतात, मधली क्रिया गायब. ऋण चिन्ह ग्रामरमध्येच, म्हणजे वरच्यासारख्या नियमांतच, हाताळा, आणि -२^२ चं उत्तर काय हवं ते आधी ठरवा. पायथन -४ देतं, एक्सेल ४.

‘सर, इव्हॅलने एका ओळीत होतं की!’ हे ऐकलं की मला राग येतो. इव्हॅल म्हणजे दिलेला मजकूर थेट कोड म्हणून चालवणारं फंक्शन. वापरणाऱ्याने टाइप केलेलं इव्हॅलला देणं म्हणजे तुमच्या सर्व्हरवर त्याला हवा तो कोड चालवू देणं. दोन दिवसांचं काम आहे, नीट करा.

शून्याने भागाकार पार्सरमध्ये नको, किंमत काढताना पकडा. आणि उत्तर देण्यापूर्वी इनपुट खरंच संपलंय का ते तपासा, नाहीतर ‘२ ३’ टाकल्यावर पार्सर मुकाट्याने २ देऊन मोकळा होतो.